आईचे विसरणे : वयोमान की आजार?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपल्या आईंचे वय ७२ असून त्या कराडला मुलगा व सून यांच्याकडे राहतात आणि आपण पुण्याला असता. गेल्या दीड वर्षात त्या एकच प्रश्न दहा-दहा वेळा विचारू लागल्या आहेत. आमटीत कधी दोनदा मीठ पडते, तर कधी पडतच नाही. मंडईतून परतताना एकदा त्या नेहमीच्या गल्लीतच वाट चुकल्या, आणि दोन महिन्यांपासून ‘सुनेने माझ्या पाटल्या चोरल्या’ असे शेजारणींना सांगू लागल्या आहेत. डॉक्टरांनी ‘वयोमानाने होते’ म्हणून टॉनिक लिहून दिले, आणि आपल्या भावाला वाटते की आई हे मुद्दाम करते. हा अल्झायमर आहे का, कोणत्या तपासण्या कराव्यात, यावर औषध आहे का, आणि पुढे मलाही हा आजार होईल का, असे आपण विचारले आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. परंतु गेली २५ वर्षे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून अशी कुटुंबे पाहत आलो असल्यामुळे एवढे नक्की सांगतो की हे वर्णन टॉनिकवर सोडून देण्यासारखे नाही. आयुष्यभर हाताखालून गेलेली कामे बिघडू लागली आहेत, आणि दीड वर्षात ती हळूहळू वाढत गेली आहेत. ‘वयोमानाने होते’ हा निष्कर्ष सगळ्या तपासण्या झाल्यावर काढायचा असतो. आपल्याकडे तो तपासणीच्या आधीच काढला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

वयाबरोबर होणारे विसरणे आणि आजारातले विसरणे यांत फरक कोणता, ते आधी पाहू. वय वाढले की साठवलेली आठवण शोधून काढायला वेळ लागतो. लग्नात भेटलेल्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि घरी परतताना रिक्षात अचानक आठवते, किंवा कोणी पहिले अक्षर सांगितले की लगेच सुचते. याचा अर्थ नोंद जागेवर आहे, ती सापडायला उशीर झाला. अल्झायमरमध्ये मात्र सुरुवातीलाच मेंदूचा जो भाग बिघडतो, त्या हिप्पोकॅम्पसचे कामच नवीन अनुभवाची नोंद करणे हे असते. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतील बाजूस, दोन्हीकडे असलेला हा भाग झिजू लागला की सकाळी झालेले बोलणे मुळात साठवलेच जात नाही. मग कितीही खुणा सांगितल्या, तरी आठवत नाही. आपल्या आई तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतात तेव्हा त्यांच्यापुरता तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. ‘आत्ताच सांगितले ना!’ हे वाक्य त्यांना समजतच नाही, फक्त त्यातला त्रासलेला सूर समजतो.

काही वर्षांपूर्वी तपासलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण देतो. मी त्यांना तीन शब्द सांगितले: चाफा, विळी, रेल्वे. त्यांनी ते खणखणीत आवाजात परत म्हणून दाखवले. पाच मिनिटे इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्यावर मी ते शब्द विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘कोणते शब्द?’ शब्द तर गेले होतेच, पण शब्द दिले गेले होते ही घटनाही पुसली गेली होती. मग घड्याळ काढायला सांगितले. वर्तुळ सुरेख आले, कारण फळ्यावर आयुष्यभर वर्तुळे काढलेला हात होता. पण बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीने बसले आणि ‘अकरा वाजून दहा मिनिटे’ दाखवताना काटे ११ आणि १० या आकड्यांवर गेले. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी त्या मान वळवून मुलीकडे पाहत होत्या. ही मान वळणे आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने फार बोलकी खूण असते. मुलगी मात्र म्हणत होती, ‘डॉक्टर, तिला लहानपणीची स्तोत्रे अजून मुखोद्गत आहेत, मग आजार कसला?’ जुन्या, शेकडो वेळा घोकलेल्या आठवणी मेंदूत दूरवर पसरलेल्या असतात आणि त्या फार उशिरा जातात, त्यामुळे हा गैरसमज घरोघरी होतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. शाळेत न गेलेल्या माणसाला घड्याळ काढायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बाजारहाटाचा हिशेब, पेरणी कोणत्या नक्षत्रावर होते, कोणत्या सणाला काय रांधतात, नातवंडे किती आणि कोणाची, हे विचारून जास्त खरे चित्र मिळते. भाषा आणि शिक्षण लक्षात न घेता केलेल्या चाचणीने चांगल्या माणसावर आजाराचा शिक्का बसू शकतो, आणि उलट, उच्चशिक्षित माणूस आजार असूनही त्या चाचणीत सहज उत्तीर्ण होऊ शकतो.

आता ‘स्मृतिभ्रंश’ आणि ‘अल्झायमर’ या शब्दांविषयी. ताप हे जसे अनेक आजारांचे लक्षण असते, तसे स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे एका आजाराचे नाव नसून स्मृती, भाषा, दिशाज्ञान, निर्णयशक्ती आणि वागणूक यांपैकी काही क्षमता इतक्या ढासळणे की रोजचे जगणे स्वतंत्रपणे चालवता येऊ नये, या अवस्थेचे नाव आहे. तिथपर्यंत न पोहोचलेली, चाचणीत दिसणारी पण कामे अडू न देणारी एक मधली अवस्थाही असते; तिच्यातील काहीजण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही आहे तिथेच राहतात, तर काही पूर्ववत होतात. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर हे आहे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत ज्या स्त्रीची हकिगत मांडली, ती फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दाखल झाली होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. त्या पुंजक्यांतील प्रथिनाला आज अमायलॉइड आणि तंतूंतील प्रथिनाला टाऊ म्हणतात.

दुसरे मोठे कारण रक्तवाहिन्यांचे. उच्च रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे आटोक्यात नसले की मेंदूत लहान-लहान झटके येऊन जातात, कधी कधी कोणाच्या लक्षातही न येता, आणि बुद्धी जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने खाली येते. आपल्याकडच्या वयस्कर रुग्णांत अल्झायमर आणि हा प्रकार एकत्र असणे अगदी नेहमीचे आहे. लेवी बॉडी प्रकारात खोलीत लहान मुले किंवा प्राणी दिसतात, अंग ताठरते, झोपेत माणूस ओरडतो किंवा हातपाय झाडतो, आणि एक दिवस चांगला तर दुसरा फार वाईट जातो. मेंदूच्या पुढच्या खंडांच्या प्रकारात, जो बहुधा पासष्टीच्या आत सुरू होतो, स्मरणशक्ती बरी असते पण स्वभाव पालटतो. संकोची माणूस चारचौघांत काहीही बोलू लागतो. भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला आहे; स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात ते अधिक आढळले.

तरीही आपल्या आईंच्या बाबतीत अल्झायमर हा शब्द उच्चारण्यापूर्वी मी ज्या गोष्टी शोधेन, त्या या उत्तरातील सर्वांत महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांपैकी काही बऱ्या होतात. पहिली गोष्ट औषधांची पिशवी. झोपेसाठी वर्षानुवर्षे घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या, वारंवार लघवी होते म्हणून दिलेले ऑक्सिब्युटिनिन, अंगदुखीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, थरथरीसाठीची ट्रायहेक्सीफेनिडिल, यांपैकी कोणतीही म्हाताऱ्या मेंदूवर धुके आणू शकते. पण झोपेची गोळी एकदम बंद करू नका, त्याने आकडी (फिट) येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. शुद्ध शाकाहारी घर, मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी पित्ताची पॅन्टोप्राझोल, हे तिन्ही एकत्र आले की बी-१२ कमी झालेले मला वारंवार सापडते. तिसरी गोष्ट थायरॉइड. त्याशिवाय हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड व यकृत यांच्या साध्या रक्ततपासण्या आणि मेंदूचा एमआरआय, तो शक्य नसेल तर सीटी स्कॅन, एवढे पुरते. महागड्या पेट स्कॅनची सुरुवातीला गरज नसते.

स्कॅन का करावा, तर दोन अवस्था त्याशिवाय समजत नाहीत. न्हाणीघरात घसरून डोक्याला किरकोळ मार लागतो, टेंगूळ उतरते, सगळे विसरून जातात, आणि महिना-दीड महिन्याने म्हातारे माणूस गुंगल्यासारखे वागू लागते. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचलेले असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. ते रक्त शस्त्रक्रियेने काढता येते आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागतो. दुसऱ्या अवस्थेत मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या फुगतात: आधी चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलतात, मग लघवीवरचा ताबा जातो आणि त्याबरोबर विस्मरण येते. यातही योग्य रुग्णाला शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

खिन्नतेचा आजारही स्मृतिभ्रंशाचे सोंग घेतो. जोडीदार गेल्यानंतर बाई जेवत नाही, बोलत नाही, प्रत्येक प्रश्नाला ‘मला नाही माहीत’ म्हणते. खिन्नतेत रुग्ण स्वतःच विस्मरणाची तक्रार घेऊन येतो. अल्झायमरमध्ये बहुधा घरचे त्याला घेऊन येतात आणि तो ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो. हा नियम पक्का नाही, पण फार वेळा खरा ठरतो. आणि आईंचे कान तपासा. ज्याला ऐकूच आले नाही, ते तो लक्षात कसे ठेवील?

यांहून वेगळी आणि तातडीची अवस्था आहे भ्रमाची, जिला आम्ही डेलिरियम म्हणतो. कालपर्यंत बरे असलेले माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागले, रात्रभर जागून अंथरूण चाचपू लागले, किंवा उलट सारखे गुंगीत राहू लागले, तर ते ‘डोके फिरले’ असे समजून घरी थांबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, छातीतला कफ, सोडियम घसरणे, अंगातले पाणी कमी होणे किंवा नवीन सुरू केलेले औषध यांपैकी काहीतरी असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तसेच चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात गळाला किंवा बोबडी वळली, तर तो पक्षाघात समजून लगेच निघावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. साखर घालून पाणी पाजणे, तळवे चोळणे यात ते तास निघून जाताना मी पाहिले आहेत.

आता पाटल्यांचा विषय. मला वाटते, आपल्या घराला सर्वांत जास्त त्रास याचाच होत असणार. आईंनी पाटल्या सुरक्षित राहाव्यात म्हणून कुठेतरी जपून ठेवल्या, ठेवल्याची नोंद मेंदूत झाली नाही, आणि कपाट उघडल्यावर त्या दिसल्या नाहीत. ‘मी विसरले’ हे उत्तर त्यांच्याकडे उपलब्धच नाही, कारण ठेवल्याची घटनाच त्यांच्यापुरती घडलेली नाही. मग उरते एकच स्पष्टीकरण: कोणीतरी घेतल्या. आणि दिवसभर जी समोर असते तिच्यावर आळ येतो. म्हणजे जी सर्वांत जास्त सेवा करते तीच चोर ठरते. आपल्या वहिनींना हे कोणीतरी, शक्यतो आपण स्वतः, शब्दांत सांगितले पाहिजे. आईंशी वाद घालून पाटल्या चोरीला गेल्या नाहीत हे सिद्ध करण्याचा काही उपयोग होत नाही. ‘चला, आपण दोघी मिळून शोधू’ असे म्हणून उशीची खोळ, तांदळाचा डबा, जुन्या साड्यांच्या घड्या पाहाव्यात. ठेवण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. खरे दागिने लॉकरमध्ये हलवावेत.

गोव्यात ज्येष्ठांच्या मानसिक आजारांविषयी झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना ओळखीची होती, पण ती आजार म्हणून नव्हे, तर म्हातारपणाचा भाग म्हणून. आणि उतारवयातील मनाच्या बिघाडाचे खापर मुलांच्या दुर्लक्षावर, प्रेमाच्या अभावावर फोडले जात होते. कराडची आळी यापेक्षा वेगळी असेल असे मला वाटत नाही. त्याच गोव्यात पुढे एका चाचणीत थोड्या प्रशिक्षित, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावला, वागणुकीच्या अडचणी कशा हाताळाव्यात ते शिकवले, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मी रोजच्या कामात त्याचा फार आधार घेतो, कारण नवीन गोळी न देताही घर सावरता येते हे त्यातून दिसते.

औषधांबद्दल स्पष्ट लिहितो. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही औषधे भारतात मिळतात. ती आजार थांबवत नाहीत. काही रुग्णांत काही काळ लक्ष आणि रोजची कामे थोडी बरी ठेवतात. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होऊ शकतात आणि नाडी मंदावू शकते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी मी ईसीजी पाहतो. अमायलॉइड काढून टाकणारी लेकॅनेमॅब (अमेरिकेत २०२३ पासून पूर्ण मान्यता) आणि डोनानेमॅब (२०२४) यांच्या बातम्या आपण वाचल्या असतील. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली असे सांगितले जाते. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणाचा होता, आणि मेंदूला सूज येणे किंवा बारीक रक्तस्राव होणे यासाठी वारंवार एमआरआय करावे लागतात. ती फक्त अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे. घर विकून घेण्यासारखे औषध मात्र नाही. ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या’ टॉनिकांवर आणि पुड्यांवर पैसे घालवू नका.

संध्याकाळी, दिवेलागणीला, बेचैनी वाढते आणि ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट सुरू होतो. हे घर म्हणजे बहुधा माहेर असते, साठ वर्षांपूर्वीचे. ‘हेच तुझे घर’ म्हणून पटवण्यापेक्षा ‘घरी कोण कोण आहे गं?’ असे विचारून त्यांना बोलते करावे, दिवे लवकर लावावेत, अंगणात फेरी मारून आणावी. अशा वेळी शांत करण्यासाठी दिली जाणारी मनोविकारांवरची औषधे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात, आणि लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखे औषध अंग लाकडासारखे ताठ करू शकते. ती कधीच देऊ नयेत असे मी म्हणत नाही, परंतु माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आल्यावर, कमीत कमी मात्रेत, मोजक्या दिवसांसाठी. त्याआधी बद्धकोष्ठ, दुखणारी दाढ, तुंबलेली लघवी पाहावी. वेदना सांगता न येणारे माणूस चिडते.

आपल्याला होईल का? पासष्टीनंतर सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये आईला असल्यास मुलीचा धोका थोडा वाढतो, पण तो विधिलिखित नसतो. पिढ्यान्‌पिढ्या निश्चितपणे उतरणारे प्रकार विरळ आहेत आणि त्यांत आजार बहुधा बराच लवकर दिसतो. आपण जनुकीय चाचणी करून घ्यावी असे मला वाटत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज दिला. त्यांत सर्वांत वरचा वाटा ऐकू कमी येणे आणि वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल यांचा होता. म्हणून आपण स्वतः रक्तदाब मोजा, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहा, रोज चाला, आणि ऐकू कमी येऊ लागले तर यंत्र लावायला लाजू नका.

पैशांचे आणि कागदांचे काम पुढे ढकलू नका. सुरुवातीच्या अवस्थेत आईंना आपली इच्छा नीट सांगता येते, आणि केवळ निदान झाले म्हणून सही करण्याची क्षमता गेली असे होत नाही. मृत्युपत्र करायचे असेल तर आत्ताच, डॉक्टरांच्या दाखल्यासह करावे. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. ते देणाऱ्याची समज गेली की साधारणपणे ते निष्प्रभ होते, हे अनेकांना बँकेच्या खिडकीपाशी पोहोचल्यावर कळते. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करणे आणि आईंच्या गळ्यातल्या पदकावर घरचा फोन नंबर कोरून घेणे ही कामे या रविवारीच करा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी भावाच्या फोनमध्ये जतन करून ठेवा.

मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, जे जवळ असतील त्यांच्याकडे महिनाभरात जा. जाताना चूर्णे, काढे आणि डोळ्यांच्या थेंबांसकट सगळी औषधे एका पिशवीत घ्या. कोणती गोष्ट पहिल्यांदा केव्हा खटकली ते तारखेसह वहीत लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीत’, ‘धाकट्याच्या मुंजीत’ असे लिहिले तरी चालते. आणि वहिनींना सोबत आणा. दिवसभरात आई काय करतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि सासूबाईंसमोर त्यांना ते बोलता येत नाही. डॉक्टरांना सांगा की पाच मिनिटे त्यांच्याशी वेगळे बोलायचे आहे, आणि त्या वेळी आईंना घेऊन आपण बाहेरच्या बाकावर बसा.